कायमची पन्नास वर्षं

मी शाळेत असताना जगातलं खनिज तेल आणखी तीसेक वर्षं पुरेल, असं पुस्तकात छापलेलं होतं. परीक्षेत तो प्रश्न हमखास यायचा आणि आम्ही तो आकडा निर्विकारपणे लिहून मोकळे व्हायचो. त्या वयात तीस वर्षं म्हणजे अनंतकाळच. पुढे ती तीस वर्षं उलटून गेली. तेल काही संपलं नाही, उलट आता जिथे तिथे पन्नास वर्षं असं छापून येतं. आपलं आयुष्य सरत जातं आणि तेलाचं वाढत जातं, हा प्रकार मला जरा संशयास्पद वाटला, म्हणून मी त्या आकड्याच्या मागे लागले.

आकडे असे आहेत. १९८०च्या अखेरीस जगातले सिद्ध तेलसाठे सुमारे ६८३ अब्ज बॅरल होते. त्या वेळच्या उपशाच्या वेगाने ते तीस वर्षांत आटायला हवे होते. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत जगाने हजार अब्ज बॅरलहून जास्त तेल उपसलं, म्हणजे शिल्लक होतं त्याच्या जवळजवळ दीडपट. आणि २०२०च्या अखेरीस शिल्लक किती? १,७३२ अब्ज बॅरल! कुठल्याही सरळमार्गी हिशेबनिसाची झोप उडावी असा हा ताळेबंद आहे.

वर्षांचा आकडा काढण्याची रीत मात्र अगदी साधी. शिल्लक साठ्याला त्या वर्षीच्या उत्पादनाने भागायचं. २०२० सालचं उत्तर तेलासाठी ५३ वर्षं येतं, नैसर्गिक वायूसाठी ४९ आणि कोळशासाठी १३९. (२०२० हे टाळेबंदीचं वर्ष. उत्पादन कमी, म्हणून भागाकार थोडा फुगलेला.) एवढ्याशा भागाकारावर कितीतरी भाषणं, परिषदा आणि अग्रलेख उभे आहेत. भागाकारात काही चूक नाही. पण वरचा आकडा आणि खालचा आकडा, दोन्ही एका जागी स्थिर राहतील असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि राहत तर दोन्ही नाहीत.

वरच्या आकड्याचं बघू.

तेल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जमिनीखालचा काळाभोर तलाव येतो. नळी खुपसायची आणि ओढायचं. माझ्या एका भूशास्त्रज्ञ मैत्रिणीच्या टेबलावर तेलक्षेत्रातून काढलेल्या वालुकाश्माचा एक दंडगोल तुकडा पडलेला असतो. हातात घेतला तर निव्वळ दगड. मळकट पिवळा, बोटाला किंचित खरखरीत लागणारा, वजनाला चांगला ठोस. तिने ड्रॉपरने त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब क्षणभर टपोरा होऊन बसला आणि मग ओघळलाच नाही, सरळ दगडात शिरला. मागे फक्त ओला डाग. मग तिने शेजारचा शेल नावाच्या खडकाचा करडा, पापुद्र्यापापुद्र्यांचा तुकडा पुढे ओढला आणि त्यावरही थेंब सोडला. तो तसाच बसून राहिला. आमच्या गप्पा संपल्या तरी होता.

तेल असतं ते असं, दगडाच्या कणाकणांमधल्या फटींत. वालुकाश्मातल्या फटी एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून त्यातून ते वाहू शकतं. विहीर खणली की सुरुवातीला आतल्या दाबाने ते आपणहून वर येतं. दाब ओसरला की पाणी नाहीतर वायू आत सोडून त्याला ढकलावं लागतं. ओला टॉवेल पिळताना पहिल्या पिळ्याला धार लागते आणि नंतर मनगटं दुखेपर्यंत पिळलं तरी टॉवेल ओला तो ओलाच राहतो, तशातली गत. जगातल्या तेलक्षेत्रांमधून सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास तेल बाहेर निघतं. उरलेलं दोन तृतीयांश सापडलेलं असतं, कुठे आहे ते माहीत असतं, आणि तरीही ते सिद्ध साठ्यात धरत नाहीत. कारण आजच्या तंत्राने, आजच्या भावाला जे परवडेल तेवढंच तिथे मोजायचं असतं.

म्हणजे भाव चढला की जमिनीखालचं तेल वाढतं आणि भाव पडला की आटतं, एक थेंबही इकडचा तिकडे न होता. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात डांबरासारखी चिकट तेलवाळू पसरलेली आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. २००२ साली ती हिशेबात धरली आणि कॅनडाचे साठे ५ अब्ज बॅरलच्या आसपास होते ते एका झटक्यात १८० अब्ज झाले. व्हेनेझुएलाचे ३०० अब्ज बॅरल कागदावर जगात सर्वांत जास्त. त्यातला मोठा वाटा ओरिनोको नदीच्या पट्ट्यातल्या इतक्या जड तेलाचा आहे की पातळ केल्याशिवाय ते नळातून पुढे सरकत नाही.

याहून गमतीचा भाग पश्चिम आशियातला. १९८०च्या दशकात ओपेक या तेल उत्पादक देशांच्या संघटनेत कुणी किती तेल विकायचं याचे कोटे ठरू लागले आणि ते ठरवताना ज्याचे साठे मोठे त्याचा कोटा मोठा, असा विचार पुढे आला. झालं! १९८४-८५मध्ये कुवेतचे साठे सुमारे ६७ अब्जांवरून ९२ अब्जांवर गेले. १९८७च्या सुमारास इराकने ७२ अब्जांचे नेमके १०० अब्ज केले. अबूधाबीचे तिप्पट झाले. सौदी अरेबियाचे १७० अब्ज दशक संपता संपता २५५ अब्जांवर पोचले. त्या काळात एवढा शोध कुठेच लागलेला नव्हता. त्यानंतर वर्षानुवर्षं रोज लाखो बॅरल उपसूनही यातले काही आकडे जागचे हलले नाहीत. २०१९मध्ये सौदीने बाहेरच्या तज्ज्ञांकडून आपल्या साठ्यांची तपासणी करून घेतली आणि ती जवळपास जुन्या आकड्याशीच जुळली, हेही सांगायला हवं. पण बाकीच्यांचं काय? आपण ज्या आकड्याला भूगर्भशास्त्र समजतो त्यात बराचसा भाग वाटाघाटीच्या टेबलावरचा असतो. पन्नास वर्षांचा भागाकार त्या भागालाही दशांशचिन्हासकट भागतो.

आता भाकीत करणाऱ्यांकडे वळते, कारण या सगळ्या कहाणीत माझा जीव खरा त्यांच्यात अडकलेला आहे.

पहिला मान विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सचा. १८६५ साली, वयाच्या २९व्या वर्षी या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या कोळशावर एक पुस्तक लिहून खळबळ उडवून दिली. तेव्हा सगळं साम्राज्य कोळशावर चाललेलं, आणि खप वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत होता. हा वेग असाच राहिला तर १९६१ साली ब्रिटनला २६० कोटी टन कोळसा लागेल, असं त्याने गणित मांडलं. एवढा कोळसा मिळणं शक्य नाही, म्हणजे ही वाढ कुठेतरी थांबणारच, हे त्याला दाखवायचं होतं. कोळसा एक दिवस संपेल असं तो म्हणालाच नव्हता. खाणी खोल जातील, कोळसा महागेल आणि ज्यांच्याकडे तो उथळ आणि स्वस्त आहे ते देश आपल्या पुढे जातील, असं त्याचं म्हणणं होतं. ते बऱ्याच अंशी खरं ठरलं. ब्रिटनच्या कोळशाने १९१३ साली २८ कोटी ७० लाख टनांचा कळस गाठला आणि मग उतरण सुरू झाली.

इंजिनं सुधारली की कोळसा वाचेल, या भाबड्या आशेलाही त्याने सुरुंग लावला. वॉटच्या वाफेच्या इंजिनाला जुन्या इंजिनांपेक्षा कितीतरी कमी कोळसा लागे. त्याचा परिणाम काय झाला, तर इंजिन वापरणं परवडू लागलं, जिथे तिथे इंजिनं बसली आणि एकूण कोळसा आणखी जास्त जळू लागला. दीडशे वर्षं झाली या निरीक्षणाला. आजही कमी इंधन पिणाऱ्या यंत्राची जाहिरात दिसली की मला जेव्हन्स आठवतो.

पण हा माणूस मला खरा आवडतो तो त्याच्या कागदांमुळे. कोळशासारखाच कागदाचाही तुटवडा येणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने लिहायचा आणि बांधाबांधीचा कागद एवढा भरून ठेवला की तो गेल्यावर पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला तरी त्याच्या मुलांकडून तो संपला नव्हता. हे केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली नोंदवून ठेवलंय. एका प्रश्नात इतका दूरवर पाहणारा माणूस दुसऱ्यात इतका फसावा! संपण्याची भीती एकदा मनात शिरली की ती कशाकशावर सावली धरेल, याचा नेम नाही.

दुसरा मॅरियन किंग हबर्ट. शेल कंपनीतला भूशास्त्रज्ञ. मार्च १९५६मध्ये टेक्सासातल्या सॅन अँटोनिओला तेल उद्योगाच्या सभेत तो उभा राहिला आणि अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७०च्या दरम्यान शिखर गाठून उतरू लागेल, असं सांगून मोकळा झाला. भाषणाला काही मिनिटं उरलेली असताना मुख्य कचेरीतून फोन आला आणि हे जरा सौम्य करा म्हणून विनवणी झाली, असं तो पुढे सांगत असे. सौम्य काही त्याने केलं नाही. तेलवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं. आणि १९७० साली अमेरिकेचं उत्पादन दिवसाला ९६ लाख बॅरलवर पोचून खरोखरच घसरायला लागलं. हबर्टचा एकदम ऋषी झाला.

२००८पर्यंत ते ५० लाखांवर आलं होतं. मग शेल आलं. म्हणजे कंपनी नव्हे, मैत्रिणीच्या टेबलावरचा तो थेंब न पिणारा करडा दगड. जॉर्ज मिचेल नावाच्या एका हट्टी उद्योजकाची माणसं टेक्सासात वर्षानुवर्षं त्याच्याशी झुंजत होती. १९९८च्या सुमारास त्यांना मुख्यतः पाण्याचाच, पण प्रचंड दाबाने मारा करून तो दगड तडकवण्याची युक्ती साधली. तिला आडव्या विहिरींची जोड मिळाली आणि आधी वायू, मग तेल वाहू लागलं. २०१८ साली अमेरिकेने १९७०चा उच्चांक मोडला आणि २०२३मध्ये दिवसाला १ कोटी २९ लाख बॅरल काढले. हबर्टच्या शिखराशेजारी दुसरं, त्याहून उंच शिखर उभं राहिलं.

म्हणून हबर्ट चुकला का? मला तसं वाटत नाही. सहज वाहणाऱ्या तेलाबद्दल तो बोलला होता आणि त्या तेलाचं त्याने सांगितलं तसंच झालं. जगात नव्या तेलक्षेत्रांचे सर्वांत मोठे शोध १९६०च्या दशकात लागून गेले. सौदीतलं घवार हे सर्वांत थोर तेलक्षेत्र तर १९४८मधलं. सुमारे २८० किलोमीटर लांब, आणि आजही रोज लाखो बॅरल देणारं. तसं दुसरं कुणाला सापडलेलं नाही. शेलची विहीर पहिल्याच वर्षात आपलं निम्म्याहून अधिक बळ गमावते, म्हणून उत्पादन नुसतं आहे तिथे ठेवायलाही नव्या विहिरी खणत राहावं लागतं. ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडे दोन किलोमीटर पाणी आणि त्याखाली मिठाचा नि खडकाचा आणखी काही किलोमीटरचा थर भेदून तेल काढतात. एवढ्या खटाटोपालाही इंधनच लागतं. एक बॅरल वर काढायला एक बॅरल जाळावं लागलं की नाकापेक्षा मोती जड झाला. मग खाली कितीही असो, तिथे खेळ खलास. शेवटचा थेंब कधीच कुणी काढणार नाही.

बाकीचे भविष्यवेत्ते थोडक्यात आटोपते. १९७२ साली क्लब ऑफ रोम या विचारवंतांच्या गटासाठी झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात तेलाला आहे त्या वेगाने ३१ वर्षं आणि वाढत्या वेगाने २० वर्षं दिलेली होती. पुढल्याच वर्षी अरब देशांनी तेल अडवलं, भाव चौपट झाले, आणि पंपांपुढच्या रांगा पाहून लोकांना वाटलं, आलीच ती वेळ. १९७७मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर दूरचित्रवाणीवरून म्हणाले की पुढचं दशक संपेपर्यंत जगातले सगळे सिद्ध तेलसाठे आपण वापरून टाकू शकतो. उलट टोकाचा दिवस २० एप्रिल २०२० हा. जग घरात बसलेलं, टाक्या तुडुंब, आणि अमेरिकी बाजारात मे महिन्याच्या सौद्याचा भाव उणे ३७ डॉलर ६३ सेंट! विकणारा म्हणत होता, तेल न्या आणि वर पैसेही न्या.

एवढं सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की संपण्याच्या या भीतीत एक छुपा दिलासा होता. संपलं की प्रश्नच मिटला. आपल्याला काही ठरवायला नको, काही सोडायला नको, कुणाशी भांडायला नको. पृथ्वीच हात वर करील आणि आपण नाइलाजाने शहाणे होऊ. हा दिलासा आता गेला. संपण्याच्या बाबतीत या इंधनांना काही घाई नाही.

घाई आहे ती हवेला. पृथ्वीच्या पोटातले ज्ञात साठे सगळे जाळले तर सुमारे ३,५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. १८५०पासून २०१९पर्यंत माणसाने सोडलेला सगळा मिळून सुमारे २,४०० अब्ज टन भरतो. तापमानवाढ दीड अंशाच्या आत राहण्याची निम्मी तरी शक्यता हवी असेल, तर २०२०च्या सुरुवातीपासून आपल्या हाती ५०० अब्ज टन उरले होते आणि वर्षाचा खर्च ४० अब्ज टनांच्या आसपास आहे. हाही भागाकारच. उत्तर साडेबारा वर्षं, आणि त्यातली बरीचशी उडवूनही झाली. इथे मात्र वरचा आकडा भाव चढला म्हणून वाढत नाही, आणि कोटा हवा म्हणून कुणाला तो फुगवून सांगता येत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या दोन संशोधकांनी २०१५ साली दोन अंशांच्या मर्यादेसाठी हिशेब मांडला होता. तेलाचा एक तृतीयांश, वायूचा निम्मा आणि कोळशाचा ८० टक्क्यांहून अधिक साठा २०५०पर्यंत जमिनीतच ठेवावा लागेल, असं त्यातून निघालं.

कोळशाची १३९ वर्षं या प्रकाशात बघितली की त्यांचा अर्थच बदलतो.

ही इंधनं तयार कशी झाली हे आठवलं की मन आणखी चमत्कारिक होतं. कोळसा म्हणजे बराचसा ३० ते ३६ कोटी वर्षांपूर्वीची दलदलीतली अरण्यं. तेल म्हणजे समुद्रतळाशी साचलेले सूक्ष्म जीव, चिखलाखाली दबत दबत काही किलोमीटर खोल गेलेले आणि तिथल्या उष्णतेत लाखो वर्षं मंद शिजलेले. जास्त शिजलं तर वायू होतो, कमी शिजलं तर काहीच होत नाही. जेफ्री ड्यूक्स या जीवशास्त्रज्ञाने २००३ साली अंदाज बांधला की एक अमेरिकी गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पेट्रोल तयार व्हायला सुमारे ९० टन प्राचीन सजीवांचा ऐवज खर्ची पडलेला असतो. बहुतेक सगळा वाटेत कुजून, विरून जातो, चिमूटभर तेल होतं. लिटरमागे २३-२४ टन. तो आकडा वाचल्यानंतर मी काही दिवस गाडीची टाकी भरताना मीटरकडे बघायचं टाळत होते. पुढे सवय झाली, सगळ्याची होते तशी. हबर्टने त्या १९५६च्या भाषणासाठी एक आलेख काढला होता. मागची पाच हजार वर्षं आणि पुढची पाच हजार वर्षं एका आडव्या रेषेवर, आणि मधोमध जीवाश्म इंधनांच्या वापराचा उंचवटा. दहा हजार वर्षांच्या रेषेवर तो उभ्या काडीसारखा दिसतो. आपली सगळी आगगाडी, विमानं, प्लास्टिक, जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांना जगवणारी वायूपासून बनलेली नत्रखतं, हे सगळं त्या काडीच्या जाडीत मावतं.

शिल्लक असताना थांबण्याची उदाहरणं अगदीच नाहीत असं नाही, पण ती बघताना हुरळून जाऊ नये. ब्रिटनची शेवटची खोल कोळसाखाण केलिंगली डिसेंबर २०१५मध्ये बंद झाली. खाली कोळसा होता. परदेशी कोळसा स्वस्त पडत होता, एवढंच. जर्मनीत २१ डिसेंबर २०१८ला बॉट्रॉपच्या खाणीतून दगडी कोळशाचा शेवटचा तुकडा वर आला आणि काळवंडलेल्या चेहऱ्यांच्या खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्षांच्या हातात ठेवला. भावुक सोहळा झाला. मात्र तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणी त्या देशात पुढेही चालूच राहिल्या.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची गोष्ट निराळी. १९५९ साली तिथे युरोपातलं सर्वांत मोठं वायुक्षेत्र सापडलं. त्या पैशावर देशाचं कल्याणकारी राज्य पोसलं गेलं. वायू काढल्यावर वरची जमीन दबू लागली, धक्के बसू लागले. ऑगस्ट २०१२मध्ये हाउझिंगेला ३.६ रिश्टरचा धक्का बसला. आकडा ऐकायला किरकोळ, पण विटांच्या घरांखाली जेमतेम तीन किलोमीटरवर तो बसला. हजारो घरांना तडे गेले. लोक वर्षानुवर्षं भांडले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये उपसा थांबला. पुढच्या वर्षी ते कायमचं बंद करण्याचा कायदाही झाला. आत ४०० अब्ज घनमीटरहून जास्त वायू तसाच आहे. तोही अशा काळात, जेव्हा रशियाचा वायू आटल्यामुळे सगळा युरोप हैराण झालेला होता. मला हा निर्णय मोठा वाटतो. पण हेही खरं की तडा स्वतःच्या भिंतीला गेला होता. दुसऱ्याच्या भिंतीला गेला असता तर?

खालच्या आकड्याचं, म्हणजे खपाचं, अजून सांगायचं राहिलंच. समजा साठा बरोबर पन्नास वर्षांचा आहे. खप दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढला तर तो पस्तीस वर्षांतच संपतो. आणि दरवर्षी दोन टक्क्यांनी घटत गेला तर? पहिल्या वर्षी एक पन्नासांश गेला, दुसऱ्या वर्षी त्याच्या ९८ टक्के, तिसऱ्या वर्षी त्याच्या ९८ टक्के. मी ही बेरीज कागदावर करून पाहिली, कारण उत्तरावर विश्वास बसेना. ही श्रेणी कितीही पुढे नेली तरी पन्नास वर्षांच्या साठ्याच्या अलीकडेच राहते. साठा कधीच संपत नाही. त्याच दगडातलं तेच तेल एकीकडे पस्तीस वर्षं पुरतं आणि दुसरीकडे कायमचं, फरक फक्त वर्षाला चार टक्क्यांचा. अर्थात हवेच्या हिशेबाने ही दोन टक्क्यांची घट फारच संथ आहे, कारण रमतगमत का होईना, जळतं शेवटी सगळंच. आणि तेवढीसुद्धा आपल्याला जमलेली नाही. २०२०मध्ये जगाचा तेलाचा खप ९ टक्क्यांहून जास्त घटला होता, पण त्यासाठी विमानं जमिनीवर आणि माणसं घरात कोंडून ठेवावी लागली. दारं उघडली आणि ये रे माझ्या मागल्या. आज तेलाचा खप दिवसाला १० कोटी बॅरलच्या वर आहे, आणि जगाच्या एकूण ऊर्जेतला जीवाश्म इंधनांचा वाटा अजूनही ८० टक्क्यांच्या घरात.

मग जमिनीत ठेवायचं तर कुणाच्या जमिनीत? इथे येऊन सगळ्यांचे सूर बदलतात. दीडशे वर्षं जाळून श्रीमंत झालेले म्हणतात, आता सगळ्यांनीच आवरतं घेऊ. ज्यांच्याकडे ते आत्ता कुठे सापडलंय ते विचारतात, आमचीच पाळी आली की पंगत उठते कशी? आणि ज्यांच्यासाठी इंधन भावामुळे कायमच संपलेलं आहे, त्यांना तर कुणी विचारतच नाही. आजही दोन अब्जांहून जास्त माणसं लाकूडफाटा, शेण, कोळसा असलं काहीबाही जाळून चूल पेटवतात. त्यांच्यापुढे पन्नास वर्षांचा हिशेब कोणत्या तोंडाने मांडायचा?

नॉर्वेत नवी विकली जाणारी मोटार बहुतेक वेळा विजेवरची असते, आणि हाच देश आपलं तेल नि वायू दुसऱ्यांना जाळायला विकून जगातली एक सर्वांत मोठी सरकारी पुंजी बाळगून आहे. मी त्याला ढोंग म्हणणार नाही, पण हिशेब सोयीचा आहे खरा.

इक्वेडोरचं ऐका. त्या देशाच्या पूर्वेला अ‍ॅमेझॉनच्या जंगलात यासुनी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्याखाली सुमारे ८५ कोटी बॅरल तेल असल्याचा अंदाज होता. २००७ साली अध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी जगापुढे एक प्रस्ताव ठेवला. आम्ही हे तेल काढत नाही, त्यातून मिळाली असती त्याच्या निम्मी रक्कम, ३६० कोटी डॉलर, सगळ्या देशांनी मिळून आम्हाला द्यावी. जग फार खूश झालं. कौतुकाची भाषणं झाली, वचनं दिली गेली. २०१३पर्यंत प्रत्यक्ष हातात पडले ते जेमतेम १ कोटी ३० लाख डॉलर. जगाने आम्हाला दगा दिला, असं म्हणून कोरेआंनी प्रस्ताव गुंडाळला आणि २०१६मध्ये तिथून तेल वाहू लागलं. हे सगळं ज्यासाठी चाललं होतं ते ८५ कोटी बॅरल म्हणजे २००७च्या वेगाने जगाचा दहा दिवसांचा खप.

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोक्यातून जात नाही. २० ऑगस्ट २०२३ला इक्वेडोरने सार्वमत घेतलं आणि ५९ टक्के मतदारांनी सांगितलं, यासुनीतलं तेल जमिनीत राहू द्या. या वेळी त्यांना कुणी एका डॉलरचंही आमिष दाखवलेलं नव्हतं. पहिली विहीर पुढच्या ऑगस्टमध्ये बंद झाली. बाकीच्या बंद करायला आणखी काही वर्षं लागतील, असं सरकारचं म्हणणं आहे. कर्जाने वाकलेलं सरकार आहे, ते चालढकल करील असा संशय अनेकांना आहे आणि तो अनाठायी नाही. मी तिथली मतदार असते तर शाळा-दवाखान्यांकडे जाणाऱ्या त्या पैशावर पाणी सोडून जंगलाच्या बाजूने शिक्का मारला असता का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आणि ज्या ४१ टक्क्यांनी तेल काढत राहा म्हटलं, त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.